खंडित झालेला डाव



पूर्वीं बुद्धिबळास समोर सोबती लागे. आतां इंटरनेटवर दूरच्या अपरिचिताशींहि डाव मांडतां येतो. आषाढांतील एका रात्रीं कर्जत येथें आम्ही असेच खेळत होतों. आमचा वजीर गेला होता. पराभव स्पष्ट दिसत होता. इतक्यांत खालापूरकडून गडगडत पाऊस आला, वीज गेली आणि संबंध तुटला. अशा वेळीं विजय मागावा कीं बरोबरी मानावी, हें प्रतिस्पर्ध्याच्या हातीं असतें. वीज आल्यावर पाहतों तों त्यानें बरोबरी मानली होती!

लज्जेनें सांगतों, महिन्यापूर्वीं असाच कोणी मध्येंच दिसेनासा होतांच आम्हीं विजय तत्काळ पदरांत पाडून घेतला होता. नियमानें तें योग्य होतें. मनास मात्र आतां टोंचतें.

३० ऑगस्ट २०२० रोजीं इंटरनेटवर झालेल्या ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यांत भारत व रशिया समोरासमोर होते. भारताचे कर्णधार नाशिकचे विदित गुजराथी. दुसऱ्या फेरींत संबंध तुटल्यानें नागपूरची दिव्या देशमुख व केरळचा निहाल सरीन हे वेळेवर हरले. भारतानें दाद मागितली, आणि जागतिक संघटनेनें दोन्ही देशांस विजयी ठरविलें. तेथें दाद मागावी लागली. आम्हांस ती न मागतां मिळाली, आणि देणाऱ्याचें नांवहि ठाऊक नाहीं.

बंधूंनो, एखाद्या शेजाऱ्यानें डाव सोडला असें ठरविण्यापूर्वीं, त्याच्या घरीं दिवा आहे काय, एवढें आपण पाहूं या.