गुंठ्यागुंठ्याने जाणारं जंगल



जंगलाचा ऱ्हास कसा मोजायचा, हा आपल्या या परिषदेचा विषय. त्यावर बोलायला मुळशीइतकी योग्य जागा नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले. धरण झालंच आणि सुमारे पन्नास गावांना त्याची झळ बसली. काय गेलं, किती गेलं आणि हे ठरवायचं कोणी, हा प्रश्न या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वी विचारला. जंगलाच्या बाबतीत तो आजही तसाच उभा आहे.

मोजण्याची साधनं मात्र पार बदलली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहचित्रांवरून दाखवलं, की १९७२-७५ मध्ये देशाच्या १६.८९ टक्के जमिनीवर असलेलं वनाच्छादन १९८०-८२पर्यंत १४.१० टक्क्यांवर आलं होतं. त्या आकड्यांनी खळबळ उडाली. १९८७पासून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढते. २०१३ साली मेरीलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाने साऱ्या पृथ्वीचा नकाशा मांडला: २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेलं आणि जेमतेम ८ लाख नव्याने आलं. पुढच्याच वर्षी ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ सुरू झालं आणि हा नकाशा कोणालाही पाहता येऊ लागला. २०२४ या एका वर्षात उष्ण कटिबंधातलं ६७ लाख हेक्टर मूळ जंगल नष्ट झालं, त्यातलं जवळजवळ निम्मं वणव्यांत. हे आज आपण सांगू शकतो ते या साधनांमुळे. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही.

पण या साधनांची नजर आपल्या गुंठ्यांत मांडून बघा. हॅन्सन यांच्या नकाशाचा एक ठिपका तीस मीटर बाय तीस मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. आपल्या सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा अधिक जमीन आणि दहा टक्क्यांवर वृक्षछत्र असेल, तर ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाडं कोणती, हे बघितलं जात नाही. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. मुळशीत जमीन विकली जाते ती पाच, दहा, अकरा गुंठ्यांनी.

आधी जेसीबी येतो, डोंगराच्या अंगावरची कारवी खरवडून मुरुमाचा रस्ता काढतो. मग चुन्याच्या फक्कीच्या रेघा, सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण. ऐन, हिरडा, जांभूळ आडवे होतात. पुढच्या पावसाळ्यात आत हिरवळ लावतात, नर्सरीतून आणलेली, झपाट्याने वाढणारी झाडं लावतात. पाच-सात वर्षांत वरून पाहिलं तर पुन्हा हिरवंच. जून ते सप्टेंबर ताम्हिणीवर ढगांचं झाकण असतं, म्हणून पाहणीची चित्रं पावसाळ्यानंतरची, बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घेतात. तोड होते ती त्यानंतर, शिमग्याच्या आगेमागे. पुढचं चित्र येईपर्यंत मोकळ्या जमिनीवर पुन्हा रान माजलेलं असतं. आकडा हलत नाही, शेकरूची वाट मात्र तुटलेली असते. त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला माथ्यावर जुळलेल्या फांद्या लागतात.

देवरायांचं तर विचारूच नका. कित्येक राया काही गुंठ्यांच्या. पण आत पाऊल टाकलं की गारंबीची मांडीएवढी वेल, पायाखाली बोटभर पालापाचोळा, आणि भर चैत्रात ओलसर माती. आंब्याची बाग आणि अशी राई सरकारी कोष्टकात एकाच रकान्यात बसू शकतात. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या राया पायी फिरून नोंदवल्या. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तोडायला काढली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्तकांना पत्र लिहून मदत मागितली. त्यांचं म्हणणं साधं होतं: गावचं पाणी या राईतून येतं. राई वाचली. काय जाणार आहे, हे कोणत्याही नकाशाआधी तिथल्या बायाबापड्यांना ठाऊक होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: ज्या मापाने जंगल जातं, त्याच मापाने ते मोजलं पाहिजे, आणि मोजणाऱ्याच्या हाती तोड थांबवण्याचा अधिकार पाहिजे. ब्राझीलने हे काही काळ करून दाखवलं. तिथे १९८८पासून अॅमेझॉनची दरवर्षी मोजणी होते. २००४मध्ये तातडीचे इशारे देणारी यंत्रणा आली आणि त्या इशाऱ्यांवर अधिकारी थेट जागेवर जाऊ लागले. इतर कडक उपायांचीही जोड मिळाली. त्या वर्षी सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर असलेली तोड २०१२मध्ये ४,६००च्या आसपास आली. पुढे कारवाई ढिली पडली, तशी तोड पुन्हा वाढली. उपग्रह तेव्हाही आकाशात होतेच!

आपल्याकडे अधिकाराची वाट कायद्यात आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावागावांत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो मिळवून चालवून दाखवला. लोकजैवविविधता नोंदवही कपाटात धूळ खाण्यासाठी नाही.

या परिषदेने तीन गोष्टी अंगावर घ्याव्यात. मुळशीतल्या प्रत्येक राईची, मग ती दोन गुंठ्यांची का असेना, हद्द, झाडं आणि झरे गावकऱ्यांसोबत चालत जाऊन नोंदवावेत. दर वर्षी शिमग्यानंतर, पाऊस सुरू होण्याआधी, ही नोंद ग्रामसभेत वाचली जावी आणि जे गेलं त्याचा जाब तिथेच विचारला जावा. आणि वन सर्वेक्षण संस्थेकडे आपण एकमुखाने मागावं, की मूळ जंगल, लागवड आणि बाग यांचे आकडे वेगवेगळे छापा.

अध्यापक मित्रहो, तुमचे विद्यार्थी या कामाला द्या. वनखात्यातल्या सहकाऱ्यांनो, ग्रामसभेची नोंद पुरावा म्हणून स्वीकारा. हे ठराव आज संध्याकाळच्या सत्रात मांडले जातील. ते नुसते मंजूर करू नका; कोणत्या गावाची जबाबदारी कोणाची, हेही त्याच ठरावात नावानिशी लिहा.