खडबडीत रानात ड्रोन उतरविताना
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



उसावर फवारणी करणारे ड्रोन आपल्या बारामती-इंदापूर भागात आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यांच्या पाठोपाठ छंदाचे छोटे ड्रोनही मुलांच्या हाती आले आहेत. उडविणे मुले लवकर शिकतात. खरी परीक्षा असते ती उतरविताना, शेवटच्या दोन-तीन फुटांत.

आपली जमीन कशी आहे हे तुम्ही जाणताच. कालव्याखालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. माळावर मुरूम आणि कुसळे. पंख्यांचा झोत खाली आदळला की हे सारे उसळून यंत्रावरच येते. त्यातून आपला खडक काळा बसाल्ट. नीरा-भीमेच्या वाळूत लोहचुंबक फिरवून पाहा, काळे कण त्यास चिकटतील. ड्रोनच्या मोटारीतही चुंबकच असतात. तेथे हे कण एकदा शिरले की सहजी निघत नाहीत.

यावर काही मुले ड्रोन हातातच झेलतात. पालकांनी हे कटाक्षाने बंद करावे. मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते बोट कापते, डोळ्याचे तर बोलावयासच नको.

उपाय घरात आहे, परंतु तो विचाराने करावयास हवा. नुसती चादर किंवा रिकामे पोते अंथरणे हे काहीच न अंथरण्याहून वाईट. वाऱ्याने कड उचलली की कापड थेट पंख्यात जाते. पत्रा जड असतो खरा, पण लोखंडामुळे ड्रोनमधील होकायंत्र फसते. जीपचे बॉनेट आणि ट्रॅक्टरची ट्रॉली याच कारणाने वर्ज्य.

मग काय करावे? प्लायवुडचे तीन फूट लांब व दीड फूट रुंद असे दोन तुकडे घ्यावेत, जुन्या ट्यूबच्या पट्टीने बिजागरीसारखे जोडावेत. मिटले की मोटारसायकलवर सहज बांधता येतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शिलाई यंत्र आहे, कोणी गाड्यांच्या सीटा शिवतात; त्यांनी जाड रेक्झिनचा चौकोन शिवून चारी कडांच्या दुमडीत वाळू भरावी. कोपऱ्यांना बाभळीच्या खुंट्या ठोकल्या की तो हलत नाही. वर ठळक रंगाचे पट्टे द्यावेत, कारण अनेक ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमीन ओळखतात. चकचकीत, एकरंगी पृष्ठभाग त्यांना नीट कळत नाही. भाजीचे प्लास्टिक क्रेट उलटे मांडून त्यांवर प्लाय ठेवल्यास धूळ आणखी कमी उडते, मात्र तो डगमगता कामा नये. सभोवार पाण्याचा हलका शिडकावा केला तर उत्तम.

दहा लिटरच्या फवारणी ड्रोनला ही फळी पुरणार नाही, त्याचा झोत फार मोठा. त्यासाठी टणक, ओलसर जागाच शोधावी.

जागेवरून आठवले, बारामतीस धावपट्टी आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग केले. तेव्हा फळी मांडण्याआधी शासनाचा नकाशा पाहावा. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांजवळ तर ड्रोन नेऊच नये, थवा बिथरतो.

व्याख्यानानंतर बाहेर पटांगणात एक फळी मांडून ठेवली आहे. ज्यांना मापे घ्यावयाची असतील त्यांनी खुशाल घ्यावीत.