दारूगोळ्यातील प्रकारभेद

पेशव्यांच्या तोफखान्यातील काळी दारू अत्यंत शीघ्र जळे आणि त्या ज्वलनातून उत्पन्न होणाऱ्या वायूच्या दाबाने गोळा पुढे लोटी. याउलट ज्यांना उच्च स्फोटके म्हणतात, त्यांच्यातून आघाततरंगच ध्वनीहून कितीतरी अधिक वेगाने धावतो, आणि म्हणूनच त्यांची योजना तोफेच्या नळीत नव्हे, गोळ्याच्या पोटात होते. या वर्गातील पिक्रिक आम्ल एके काळी अनेक लष्करांच्या पसंतीस उतरले होते, परंतु धातूंशी संयोग पावून अतिसंवेदनशील क्षार निर्माण करण्याच्या त्याच्या प्रवृत्तीमुळे ते मागे पडले व टीएनटी पुढे आले. १८६३ साली यूलियस विल्ब्रांड या जर्मन रसायनज्ञाने सिद्ध केलेला हा पदार्थ आरंभी पिवळा रंग म्हणूनच परिचित होता. धक्के सोसण्याची त्याची सहनशीलता मला त्याच्या सामर्थ्याहूनही मोलाची वाटते, कारण दारूगोळा वाहणाऱ्या हमालाचा जीव तिच्यावरच अवलंबून असतो. आरडीएक्स त्याहून प्रबळ, पण अधिक संवेदनशील. सबब ते बहुधा मिश्रणरूपानेच वापरतात. तथापि आगीपुढे कोणत्याही स्फोटकाचा भरवसा नाही: १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्यांसमवेत सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा लादलेला होता, आणि कापसाला लागलेली आग स्फोटकांपर्यंत पोहोचून झालेल्या स्फोटांत शेकडो निरपराध माणसे प्राणास मुकली.