गाडी ठोकते, थांबली की बंद पडते

आज आम्ही पापड-लोणच्यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय आमच्या गटाच्या गाडीबद्दल, आणि आमच्या एका चुकीबद्दलही.

आमच्या बचत गटाने जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. मसाले, भाजी आणि आठवडी बाजार, सगळं तिच्यावर चालतं. गटातलीच एक ताई लायसन काढून ती चालवते. पावसाळा संपता संपता गाडीने त्रास सुरू केला. रस्त्याने नीट धावायची, पण रेल्वे फाटकापाशी थांबली की सीटखालून ठोक-ठोक आवाज, सगळी गाडी थरथर, आणि दोन मिनिटांत इंजिन बंद. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, वर बोलायचे, "बाईच्या हातात दिली की असंच!"

लोक बोलले ते बोलले, पण मीटिंगमध्ये आम्हीही तेच बोललो. ताईला म्हटलं, "तुझा क्लचवरचा पाय नीट नाही." ती गप्प बसली. पुढच्या बाजाराला गाडी घेऊन जायला तिने नकार दिला.

मग गाडी एका गॅरेजात नेली. तिथे आवाज ऐकून लगेच सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल. ३५ ते ४० हजार धरून चाला." गटाची वर्षाची बचत गेली असती. काही जणी म्हणाल्या, विकून टाकू. तेव्हा ताईच म्हणाली, "विकायच्या आधी चार दिवस गाडीचं ऐकू तरी."

चार दिवस आम्ही वहीत नोंदी केल्या. आवाज गार इंजिनाला येतो की तापल्यावर? दोन्ही वेळा. थांबल्यावर की चालताना? फक्त थांबल्यावर. जरा रेस दिली तर? आवाज जातो, गाडीही बंद पडत नाही. आवाज कसा? लोखंडावर हातोडी मारल्यासारखा नाही. दबका, बुडाला जाणवणारा. ऑइलचा लाल दिवा? चालू गाडीत लागत नाही.

ऑइलही पाहिलं. गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. ऑइलची पट्टी काढून पुसायची, परत पूर्ण घालायची आणि मग काढून बघायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. आमचं खालच्या खुणेला टेकलं होतं! सहा महिन्यांत कोणी पट्टी काढलीच नव्हती. ही चूक ताईची एकटीची नाही, सगळ्या गटाची. ऑइल भरलं, पण ठोकणं गेलं नाही.

ती वही घेऊन आम्ही तालुक्याच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने नोंदी वाचल्या आणि आम्हाला समजावलं. ठोकण्याचे प्रकार असतात. वरच्या बाजूने बारीक टिक-टिक आली तर बहुतेक वेळा टॅपेट. चढावर रेस देताना डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट झाला तर पेट्रोल किंवा टायमिंग बघायचं. आतून जड ठोका येतो आणि रेस किंवा ओझं वाढलं की तोही वाढतो, तर बेअरिंगची शंका; तेव्हा खरंच इंजिन खोलावं लागतं. आमचा ठोका रेस दिल्यावर जात होता. म्हणून आधी बाहेरचं बघायचं, इंजिन शेवटी.

मग थांबल्यावरच गाडी का बंद पडते? गॅसची मंद ज्योत झुळकीनेही विझते, मोठी केली की टिकते, तसंच हे. गाडी उभी असताना इंजिन अगदी थोडी, मोजकी हवा ओढतं. तेव्हा एखाद्या फाटक्या नळीतून जास्तीची हवा शिरली, तर तेवढ्यानेही मेळ बिघडतो. रेस दिली की हवा आणि पेट्रोल दोन्ही वाढतं, आणि ती गळती झाकली जाते.

मिस्त्रीने सीट उचलली. इंजिन चालू असताना बारीक सूं-सूं येत होतं. एक रबरी नळी त्याने पकडीने दाबून धरली, आणि थरथर कमी झाली! नळीला उष्णतेने चीर गेली होती. मग इंजिन बंद करून प्लग काढले. एकाचं टोक झिजलं होतं. आमचं इंजिन तीन सिलिंडरचं. तिघींनी उचललेल्या हंड्याला एकीचा हात सुटला तर जसा हिसका बसेल, तसं ते हलत होतं. आणि ठोक-ठोक? इंजिन ज्या रबरावर बसतं, ते फाउंडेशनचं रबर फाटलं होतं. इंजिन हललं की लोखंड लोखंडाला लागायचं.

नळी, तिन्ही प्लग, फाउंडेशन, एअर फिल्टर आणि थ्रॉटलची सफाई, सगळं मिळून २,८०० रुपये झाले. गाडी आता फाटकात शांत उभी राहते.

दरवेळी इतक्या स्वस्तात सुटेल असं आम्ही म्हणत नाही. चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला आणि ठोकायला लागली, तर एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. तिथेच बंद करा, ओढून न्या. तपासताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला हवा. पदर, वेणी, ओढणी पट्ट्यापासून लांब ठेवा. इंजिन चालू असताना प्लगच्या वायरला हात लावू नका, मोठा झटका बसतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, तो धूर जीव घेतो.

आता आमच्या गाडीत एक वही असते. दर सोमवारी ऑइल, पाणी आणि चाकांतली हवा बघायची आणि सही करायची. पाळी सगळ्यांची.

आणि त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये आम्ही सगळ्यांनी ताईची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "गाडीचं ऐकलंत, तसं पुढच्या वेळी आधी माझंही ऐका." ते आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.