केसपेपरवर नसलेला रकाना

  विषारी धातू आणि मज्जासंस्थेचे ऑटोइम्यून आजार हा विषय, डॉक्टर आणि वैद्यांच्या या परिषदेत, अकोल्यातच घ्यावा, असा आम्ही स्वागत समितीने आग्रह धरला. 2023च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. त्या वापरत असलेले गोरेपणाचे क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयामार्फत तपासले गेले, तेव्हा त्यात पारा निघाला. त्याच सुमारास केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी आपल्या नोंदी मांडल्या. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या 22 रुग्णांपैकी 15 जणांत नेल-1 हे प्रथिन सापडले आणि त्या 15 पैकी 13 जणांनी अशी क्रीम वापरल्याचे सांगितले. हा आजार म्हणजे शरीराने स्वतःच्याच मूत्रपिंडावर उलटणे. पाऱ्याचे नाव निघाले की आपण विषबाधा एवढेच समजतो. इथे मात्र विषाने प्रतिकारशक्तीचीच दिशा बदलली.

हीच गोष्ट मज्जातंतूंच्या बाबतीतही दिसते, आणि माझे आजचे सांगणे तिच्याभोवतीच आहे. आयझॅक सिंड्रोमचा रुग्ण आठवा. पलंगावर पाय सैल सोडून पडलेला असतो, तरी पोटरीच्या कातडीखाली स्नायू सतत वळवळत राहतो, जणू पाण्यावर बारीक लाटा उठाव्यात तसा. पाय दुखतात, अंग घामाने थबथबते. त्यात झोप उडाली आणि भास होऊ लागले, की आपण मॉर्व्हन सिंड्रोम म्हणतो. 2010 साली या आजारांमागचे कॅस्पर-2 विरोधी प्रतिपिंड ओळखले गेले. कॅस्पर-2 हे प्रथिन मज्जातंतूवरच्या पोटॅशियम मार्गिकांना जागेवर धरून ठेवते. त्याच्यावर हल्ला झाला की तंतू शांत व्हायचे विसरतो. त्यानंतर भारतातून, चीनमधून आणि अन्य देशांतून असे रुग्ण नोंदवले गेले, ज्यांच्या रक्तात हे प्रतिपिंड होते आणि अंगात पाराही होता. कुणाच्या बाबतीत तो क्रीममधून आला होता, कुणाच्या बाबतीत औषधी पुड्यांतून. काहींना मज्जातंतूंचा आणि मूत्रपिंडाचा असे दोन्ही आजार एकाच वेळी होते. म्हणून मी म्हणतो, प्रतिपिंड सापडले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. तो रिपोर्ट हातात आला की आपण स्टेरॉइड सुरू करतो, प्लाझ्मा बदलतो, आणि रुग्ण मात्र घरी जाऊन रात्री तीच डबी उघडत असतो.

यावर आक्षेप असा की हे सुटे रुग्णवृत्तांत आहेत. त्यावरून कार्यकारणभाव कसा सिद्ध होणार? आक्षेप रास्त आहे, पण पुरावा केवळ तेवढाच नाही. उंदरांच्या ठराविक जातींना मर्क्युरिक क्लोराइड दिले, तर त्यांच्या शरीरात स्वतःच्याच पेशीकेंद्रातील फायब्रिलॅरिन या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. डीबीए/2 जातीच्या उंदरांना तोच डोस दिला तरी तसे घडत नाही. म्हणजे धातू एकच, पण परिणाम आनुवंशिक घडणीवर ठरतो. माणसातही कॅस्पर-2च्या आजाराचा एका विशिष्ट एचएलए प्रकाराशी संबंध आढळला आहे. ‘एवढ्या बायका क्रीम लावतात, त्यांना कुठे काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. आजार थोड्यांनाच होतो म्हणून पारा निर्दोष ठरत नाही.

एक धोका याच्या उलट दिशेचा आहे आणि तो मला अधिक काळजीचा वाटतो. धातूचे नाव काढले की सगळ्याच आजारांचे खापर त्यावर फोडणारे पुढे येतात. दातांत भरलेल्या चांदीमुळे मल्टिपल स्क्लेरोसिस होतो, असे ठाम म्हणण्याजोगा पुरावा नाही. लसीतल्या थायोमर्सलमुळे स्वमग्नता येते हा दावा तर मोठमोठ्या अभ्यासांत टिकलेला नाही, आणि त्या भीतीपायी लस चुकलेल्या मुलांचे नुकसान मात्र खरे आहे. आधी धातू ओढून काढणारे औषध द्यायचे, मग लघवी तपासून आकडा फुगलेला दाखवायचा, हा व्यवहारही थांबायला हवा. असे औषध दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही आकडा चढतो. औषधाविना घेतलेला लघवीचा नमुना हीच क्रीम-पुड्यांतून आलेल्या पाऱ्याची खरी तपासणी.

वैद्य मंडळींशीही मोकळेपणाने बोलायला हवे. रसशास्त्रात पाऱ्याचे शोधन सांगितले आहे, आणि गंधकाशी बांधलेला पारा शरीरात फारसा विरघळत नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु रुग्णाच्या हाती पडलेली पुडी त्या विधीने केली होती की नाही, हे तिच्याकडे पाहून ना तुम्ही सांगू शकता ना मी. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले होते. शास्त्राची बाजू घ्यायची असेल, तर बिननावाच्या पुड्यांविरुद्ध पहिला आवाज वैद्यांचाच उठला पाहिजे.

क्रीमबाबत कायदा आहे. आपल्या 2020च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांची प्रसाधने वगळता, तयार मालात नकळत आलेला पाराही 1 पीपीएमच्या वर चालत नाही. पण लेबल नसलेली डबी कायद्याच्या नजरेत येते ती रुग्ण आपल्यासमोर बसल्यावरच. आपल्या केसपेपरवर तंबाखूचा रकाना आहे, दारूचा आहे. तोंडाला काय लावता, कोणती पुडी घेता, आणि सोने गाळणे किंवा बॅटरीचे शिसे वितळवणे असे काही काम करता का, हे विचारणारा रकाना नाही. ‘औषध घेता का?’ असे विचारले तर क्रीमचा उल्लेख कुणी करत नाही, कारण ते औषध आहे असे कुणाला वाटतच नाही. घरातली दुसरी बाईही तीच डबी वापरते का, हेसुद्धा विचारावे लागते.

म्हणून स्वागत समितीने आपल्या प्रत्येकाच्या पिशवीत या रकान्याचा एक कच्चा मसुदा ठेवला आहे. प्रश्न ओपीडीच्या गर्दीत दोन मिनिटांत विचारता येतील असे असावेत, एवढीच अट आहे. त्यावर लाल शाईने हव्या तेवढ्या दुरुस्त्या करा आणि उद्या दुपारच्या जेवणापूर्वी तो नोंदणी टेबलावर परत द्या, ही माझी आपणा सर्वांना विनंती आहे.