बालकांच्या डोक्यावरील चाई



बालकाच्या डोक्यावर एखाद्या दिवशी रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसतो आणि घर काळजीत पडते. या विकारास चाई, कोठे कोठे उंदरी म्हणतात. आयुर्वेदात त्याचे नाव इंद्रलुप्त. किडा केस खातो, ही समजूत निराधार आहे. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच चुकून स्वतःच्या केशमुळांवर हल्ला करते. मात्र मुळे नष्ट होत नाहीत, ती निद्रिस्त होतात.

म्हणूनच चट्ट्यावर बिब्बा घालणे किंवा लसूण चोळणे घातक ठरते. कोवळी त्वचा भाजते आणि व्रण खोल गेल्यास जिवंत असलेली मुळे कायमची जातात. (रुग्णालयांतही डायफेनसायप्रोन या द्रव्याने त्वचेवर सौम्य दाह उत्पन्न करण्याची एक पद्धत आहे, पण तेथे मात्रा तज्ज्ञ ठरवितात. बिब्ब्याला माप नसते.)

प्रथम निदान हवे. चट्ट्यावर खवले व तुटके केस असतील तर तो बुरशीजन्य नायटा असू शकतो. तो इतरांस होतो आणि त्यासाठी बहुधा पोटातून औषध घ्यावे लागते. त्यावर चाईचे मलम लावल्यास तो बळावतो. अनगोळ बेळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने जिल्हा रुग्णालय दूर नाही; दुकानातून परस्पर मलम आणण्याचे कारण नाही.

एकदोन चट्टे असल्यास पुष्कळदा वर्षभरात केस आपोआप येतात; त्यामुळे डॉक्टरांनी थांबण्यास सांगितले, तर ती हेळसांड नव्हे. लहान मुलांस सामान्यतः स्टेरॉइडचे मलम देतात; टोचणे सोसू शकणाऱ्या मोठ्या मुलांस चट्ट्यात इंजेक्शन देतात. नवे केस आरंभी पांढरे आले तरी घाबरू नये. विकार पुन्हा उद्भवू शकतो, हेही पालकांस ठाऊक असावे. तीव्र विकारासाठी अमेरिकेत जून २०२३ मध्ये १२ वर्षे व त्यापुढील वयासाठी रिटलेसिटिनिब या गोळीस मंजुरी मिळाली. तिने गंभीर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असते.

चाई स्पर्शाने, कंगव्याने किंवा टोपीने पसरत नाही. अशा मुलास वेगळ्या बाकावर बसविणे वा घरी पाठविणे अन्यायाचे आहे. शिक्षकांनी त्यास वर्गात टोपी किंवा रुमाल वापरू द्यावा आणि ‘टकल्या’ ही हाक पहिल्याच दिवशी बंद करावी.