देठ धुतला होता का?



द्राक्षाच्या देठाचा अहवाल खिशात घेऊन आलेले बरेच जण आम्हाला इथं दिसतात. पिस्तुलासारखं यंत्र ओल्या देठाला लावलं, मिनिटभरात आकडे आले आणि त्याच दुकानातून जस्ताची बाटली पदरात पडली. यंत्र खोटं नाही. पण ते काय पाहतं हे आपण समजून घेतलं नाही, तर बिल आपल्याच नावावर फाटणार.

यंत्रातले क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. बाहेरचा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागी उतरतो आणि उतरताना नवा क्ष-किरण सुटतो. त्याची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी. मोस्ले ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये तिचा नियम दाखवला. नमुना आम्लात पचवावा लागत नाही, ही मोठी सोय. मात्र नत्र आणि बोरॉन यांचे किरण इतके दुबळे, की ते देठात आणि हवेतच विरतात. हातातल्या यंत्राच्या अहवालात नत्राचा आकडा असेल, तर तो कुठून आणला हे विचारा.

खरी मेख पुढे आहे. देठातलं आणि देठावरचं, हा फरक यंत्राला कळत नाही. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, म्हणजे तांबं आणि कॅल्शियम. मँकोझेबमध्ये मँगनीज आणि जस्त. फवारलेला देठ न धुता मोजला तर कागदावर जस्त भरपूर आणि वेल उपाशी. धुळीनं लोह वाढतं. उलट देठ ओला असला की पाण्यामुळे सगळेच आकडे खाली येतात, आणि बाटली खपते ती इथं! तेव्हा देठ धुवून, साधारण ६५ अंशांवर वाळवून, बारीक दळून, दाबून वडी करूनच मोजायचा. यंत्राचं प्रमाणीकरणही वनस्पतींच्या भुकटीवर झालेलं हवं. मातीसाठी बसवलेलं यंत्र देठाला लावणं म्हणजे उसाच्या काट्यावर सोनं तोलणं. (उसाच्या काट्यावर ऊस तरी नीट तोलला जातो का, ते तुम्ही जाणता.)

लोहाचं तर त्याहून अवघड. चुनखडीच्या रानात पिवळ्या पानातही एकूण लोह हिरव्या पानाइतकं असू शकतं. वेलीच्या कामी येत नाही, एवढंच. यंत्र एकूण मोजतं.

आमची मागणी साधी आहे. नमुना धुतला का, वाळवला का, प्रमाणीकरण कशावर केलं, हे अहवालावर लिहा. आणि तपासणारा व विकणारा एक नको. येत्या छाटणीनंतर प्रत्येक गावानं एका बागेच्या देठांची वाळवून भुकटी करावी, तिचे दोन भाग करावेत. एक यंत्राखाली, दुसरा आम्लात पचवून प्रयोगशाळेत. दोन्ही कागद पुढच्या बैठकीला घेऊन या.